हरलेली मॅच

त्या वर्षी हनीक्रिस्प सफरचंदाला रंग उशिरा चढला. ऑगस्टभर डोंगरात वणवे पेटले होते आणि धूर खोऱ्यात बसून राहिला होता. रात्री गार पडल्याशिवाय सफरचंद लाल होत नाही, आणि रात्री काही गार पडत नव्हत्या. हार्लनसाहेब रोज सकाळी बागेत येत, एक फळ हातात घेऊन उलटसुलट करून बघत आणि गाडीकडे परत जात. मी त्यांच्या बागेत मुकादम. तोडणीची टोळी माझ्या हाताखाली.

माझी बायको ओफेलिया मार्चमध्ये गेली. छाटणी संपली होती, कळ्या फुटायच्या होत्या. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच, मी आणि मुलगी नेरेइदा. ओफेलियाचा भाऊ लासारो आमच्या अंगणातल्या ट्रेलरमध्ये राहतो आणि माझ्याच टोळीत तोडणी करतो. जेवायला तो आमच्याकडेच असतो.

सप्टेंबरात एके दिवशी सकाळी मी डब्यासाठी टॉर्टिया, आमच्या मक्याच्या पोळ्या, भाजत होतो. माझ्या टॉर्टिया जाड होतात. लासारो त्या दुमडायला गेला की मधोमध मोडतात, आणि तो मोडलेले दोन तुकडे मला वर करून दाखवतो. त्या दिवशीही त्याने दाखवले.

नेरेइदा शाळेची बॅग भरत म्हणाली, "पापा, आज कोच वोल्ड बागेत येणारेत. तुम्हाला भेटायला."

"काय केलंस तू?"

"काही नाही केलं. कॉलेजचं आहे."

"केलंच असणार," लासारो म्हणाला. "आमच्याकडे मास्तर घरी आला की मार ठरलेला."

"मामा, तुम्ही किती वर्षं गेलात शाळेत?"

"मास्तर घरी येईपर्यंत."

कोच वोल्ड म्हणजे नेरेच्या शाळेच्या फुटबॉल टीमच्या बाई. उंच, लालसर चेहऱ्याच्या. आमची स्पॅनिश तुटक बोलतात, पण बोलतात. दुपारी त्या झाडांच्या ओळींमधून चालत आल्या तेव्हा मी खोक्यात हात घालून फळं तपासत होतो. त्यांनी सांगितलं ते असं: मोंटानातल्या एका कॉलेजात मागच्या फळीत खेळणाऱ्या एका मुलीची जागा रिकामी झाली आहे. जी यायची होती तिचा गुडघा गेला. जागा मिळाली तर फी कॉलेजच भरणार. तिथल्या कोच ब्रँड्टबाईंना ऑक्टोबर संपायच्या आत नेरेचा व्हिडिओ पाठवायचा.

"त्या इथे येऊन बघणार नाहीत?"

"मिस्टर आरियागा, त्यांच्याकडे टेबलभर व्हिडिओ पडलेत. पहिल्या अर्ध्या मिनिटात आवडला नाही तर त्या बंद करतात. चार-पाच मिनिटांचाच करा. नेरेइदाचं चांगलं चांगलं निवडून. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला तिच्याभोवती एक गोल काढा, म्हणजे कुठली मुलगी बघायची ते कळेल."

"व्हिडिओ आहेत," मी म्हणालो. "माझ्या बायकोने सगळ्या मॅचचे काढून ठेवलेत."

वोल्डबाईंनी मान हलवली. "मग सोपंच झालं," म्हणाल्या.

ओफेलियाचा फोन ड्रॉवरमध्ये होता. त्या संध्याकाळी नेरेने तो टेबलावर उभा केला आणि आम्ही तिघं बघायला बसलो. पहिल्या मॅचमध्ये नेरे उभी होती. मग ती मोजे वर ओढत होती. मग कमरेवर हात ठेवून उजवीकडे कुठेतरी बघत होती. लोक ओरडले, शिट्टी वाजली, नेरेने दोन्ही हात वर केले.

"गोल कुणी केला?" मी विचारलं.

"आम्हीच. हात वर केलेत ना मी."

"पण बॉल कुठाय?"

नेरेने दुसरी मॅच लावली, मग तिसरी. सगळीकडे तीच. केस बांधताना, पाणी पिताना, धावताना, थुंकताना. इतकी जवळून की तिच्या कपाळावरची माती दिसावी. मैदान नव्हतं, दुसऱ्या मुली नव्हत्या.

"बॉल नाहीच आहे पापा," ती म्हणाली. "ममाने फक्त मलाच काढलंय."

"ताईला बॉलचं काय पडलं होतं?" लासारो म्हणाला. "बॉल काय तिच्या पोटचा होता?"

आम्ही हसलो. नेरेने फोन परत ड्रॉवरमध्ये ठेवला आणि चार्जर लावला.

म्हणजे व्हिडिओ आता मलाच काढायचा होता. पुढच्या मॅचला मी बागेतून तसाच गेलो आणि कुंपणाला टेकून उभा राहिलो. जमेल तसा फोन धरला. घरी आल्यावर नेरेने तो बघितला आणि डोक्याला हात लावला.

"मी कुठाय ह्यात?"

"तू मागे होतीस. बॉल पुढे होता."

"पापा, मी डिफेन्सला खेळते. मी मागेच असते. ममाने फक्त मला काढलं आणि तुम्ही मला सोडून सगळ्यांना."

"मग काय काढू? तू नुसती उभी असतेस."

"उभी नसते. जागा धरते. समोरच्या मुलीला जिथं जायचंय तिथं मी आधी जाऊन थांबते. मग ती जात नाही."

"म्हणजे काही घडतच नाही."

"तेच माझं काम आहे. काही घडू द्यायचं नाही."

लासारो दारात बसून बूट काढत होता. "दाजी, जमिनीवर उभं राहून झाडावरचं फळ दिसतं का?" तो म्हणाला. "शिडी न्या की."

आमच्या बागेतल्या शिड्या तिपायी असतात. पुढे दोन पाय आणि पायऱ्या, मागे एकच सुटा पाय, जो झाडाच्या पोटात घुसवायचा. उतारावर, खड्ड्यात, कुठेही उभी राहते. अल्युमिनियमची असल्यामुळे एका माणसाला खांद्यावर नेता येते. मी एक शिडी पिकअपमध्ये टाकली आणि मैदानाच्या रेषेमागे उभी केली.

बाकीचे आईबाप घडीच्या खुर्च्यांवर बसले होते, पायांवर पांघरुणं, हातात कॉफी. मी वर चढलो तेव्हा टोपीवाला एक माणूस म्हणाला, "अरे, तोडणीवाले आले! पण झाडं कुठायत?" त्याच्या बाजूच्या दोन बायका हसल्या. वाईट हसल्या असं नाही. इंग्रजी मला बोलता येत नाही, पण तेवढं कळतं. मग पंच आला आणि शिडीचा पाय रेषेच्या फार जवळ आहे म्हणाला. खेळ थांबला. मी उतरलो, शिडी मागे ओढली, पुन्हा चढलो. तोवर दोन्हीकडच्या मुली माझ्याकडे बघत उभ्या होत्या. नेरे सोडून. ती बुटाच्या टोकाने गवत उकरत होती.

परतताना गाडीत ती म्हणाली, "पापा, पुढच्या वेळी बागेतले बूट घालून येऊ नका."

"बदलायला वेळ नव्हता."

"मग निदान इतक्या वर चढू नका. खुर्च्यांवर बसलेल्यांना तुमचे बूटच दिसतात."

पण व्हिडिओ चांगला निघाला. वरून सगळं मैदान दिसत होतं. कुणी कुठून निघालं, नेरे कशी दोन पावलं आधीच सरकली, हे मला तेव्हा कुठे दिसायला लागलं. इतकी वर्षं मी तिच्या मॅचना गेलो नव्हतो असं नाही, पण सुगीत जमायचं नाही आणि बाकीच्या वेळी मी बॉल बघायचो.

मी आणखी मॅच काढल्या. त्यातली एक आम्ही हरलो, ईस्ट ब्यूट शाळेशी, एका गोलने. चूक नेरेची होती. गवत ओलं होतं, तिने गोलकीपरकडे मागे दिलेला बॉल मध्येच अडकला आणि त्यांची नऊ नंबरची मुलगी तो घेऊन गेली.

मग निवड करायला बसलो. शाळेने नेरेला दिलेला लॅपटॉप टेबलावर, बाजूला लासारो मिरच्या निवडत. बागेत येण्याआधी मी बरीच वर्षं पॅकिंगच्या शेडमध्ये पट्ट्याशेजारी उभा असायचो. पट्ट्यावरून फळं येत राहतात आणि ज्याच्यावर डाग, ओरखडा, मार, ते उचलून बाजूला टाकायचं. विचार करायला वेळ नसतो, हातच बघतो. मला तेवढीच निवड येते.

नेरे एकेक तुकडा लावायची. "हा?"

"पडलीस तू ह्यात."

"पण पडूनच बॉल काढला ना! सगळ्यात भारी आहे हा."

"पाठीवर चिखल दिसतोय. काढ."

"हा?"

"ती तुला चुकवून गेली."

"मागून पळत जाऊन गाठलं मी तिला! पुढे बघा तरी."

"चुकवून गेली ना? काढ."

"पापा, मी सफरचंद नाहीये."

"बाजारात माल असाच जातो," मी म्हणालो. "त्या बाईंकडे टेबलभर पडलेत. पहिला डाग दिसला की बंद करतील."

लासारो म्हणाला, "तो शिंकतानाचा ठेव. नाक चांगलं आलंय."

नेरे आधी वाद घालत होती, मग तीही माझ्यासारखंच बघायला लागली. मी तोंड उघडायच्या आत "डाग" म्हणून तीच पुढे जायची. शेवटी जे राहिलं ते अगदी स्वच्छ होतं. प्रत्येक तुकड्यात नेरेभोवती पिवळा गोल, नेरे ताठ उभी, बॉल येतो, ती डोक्याने किंवा पायाने तो परत पाठवते. तिने तो पाठवून दिला आणि आम्ही जेवलो.

ऑक्टोबर लागला तशा रात्री एकदम गार झाल्या आणि फळाला आठवड्यात रंग आला. मग दम घ्यायला वेळ राहिला नाही. हनीक्रिस्पची साल पातळ असते. एकाचा देठ दुसऱ्याला टोचला की ते गेलं, म्हणून प्रत्येक फळाचा देठ कात्रीने बुडाशी कापावा लागतो. फळ तळव्यात धरायचं, बोटं रुतवायची नाहीत, वळवून काढायचं, देठ कापायचा, गळ्यातल्या झोळीत ठेवायचं, टाकायचं नाही. झोळी भरली की शिडी उतरायची आणि खोक्यावर ओणवं होऊन ती तळातून मोकळी करायची. संध्याकाळपर्यंत खांद्यांवर पट्ट्यांचे वळ उठतात. दिवसभर मी ओळीतून फिरत ओरडत असायचो, "देठ! देठ बघा!" आणि लासारो वरून ओरडायचा, "बघितला! छान आहे!"

अशाच एका दुपारी नेरे शाळेतून थेट बागेत आली, धावत. "त्यांचा मेसेज आलाय. आत्ता बोलायचंय म्हणे."

आम्ही पिकअपमध्ये बसलो, काचा वर केल्या. लासारो न बोलावता मागच्या सीटवर येऊन बसला. कोच ब्रँड्टचा आवाज खरखरीत होता. नेरे ऐकायची आणि मला सांगायची.

"म्हणतात, व्हिडिओ बघितला. स्वच्छ आहे."

"सांगितलं नव्हतं मी?"

"थांबा, पापा." तिने पुढचं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. "म्हणतात, स्वच्छ तर त्यांच्याकडे ढीगभर आहेत. माझ्याबद्दल त्यांना ह्यातून काहीच कळलं नाही. मला कुणी चुकवून जातं की नाही? गेलं तर मी काय करते? गोल खाल्ल्यावरचं पुढचं मिनिट त्यांना बघायचंय. अख्खी मॅच पाठवा म्हणतात, न कापता. हरलेली असली तर बरं. महिनाअखेरीपर्यंत थांबतील, मग दुसऱ्या मुलीला होकार देतील."

फोन बंद झाल्यावर लासारो म्हणाला, "बाई वेडी आहे. डागी फळ मागून घेणारं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नाही."

नेरे माझ्याकडे वळली. "पाठीवर चिखल होता तोच हवा होता त्यांना."

"हरलेली मॅच आहे की," मी म्हणालो. "ईस्ट ब्यूटची. ती अख्खी आहे."

त्या संध्याकाळी आम्ही ती लावली. नेरेने मागे दिलेला बॉल अडकला. नऊ नंबरवाली धावली. आणि चित्र खाली गेलं. शिडीची पायरी दिसली, माझे बूट दिसले, ओलं गवत दिसलं. आवाज सगळे येत होते, लोकांचे, शिट्टीचे, कुणीतरी नेरेचं नाव घेऊन ओरडल्याचे. गवत तसंच होतं. बऱ्याच वेळाने चित्र वर आलं, तेव्हा खेळ पुन्हा सुरू होऊन बॉल पार दुसऱ्या टोकाला पोचला होता.

नेरेने ते मागे नेऊन पुन्हा लावलं.

"हे काय आहे?"

"हात खाली गेला."

"इतका वेळ?"

"हो."

"मी चुकले आणि तुम्ही खाली बघत बसलात?"

"मला बघवलं नाही, बाळा."

"हेच तर त्यांना बघायचं होतं! एवढंच!" तिने लॅपटॉप मिटला. मग हळू म्हणाली, "ममाला मॅच कळायची नाही. पण मी चुकले म्हणून तिनं कधी कॅमेरा खाली नाही केला."

लासारो उठून बाहेर गेला. मी उद्याचा घेवडा भिजत घातला.

आता एकच मॅच उरली होती. गुरुवारी, चार वाजता, पुन्हा ईस्ट ब्यूटशीच. त्याच्याआधीच्या दिवसांत मी कुणावर ओरडलो नाही, लासारोवरही नाही. नेरे माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मीठ द्या, दार लावा.

गुरुवारी सकाळी रेडिओवर सांगितलं की रात्री कडाक्याची थंडी पडणार, फळ गोठेल. पूर्वेकडची हनीक्रिस्प अजून झाडावर होती. झाडावर गोठलेलं फळ बाजारात जात नाही, त्याचा रस काढतात. हार्लनसाहेब उजाडताच आले आणि अंधार पडेपर्यंत कुणी ओळ सोडायची नाही म्हणाले. दुपारी मी त्यांच्याकडे गेलो.

"मला साडेतीनला जायचंय."

"आज?"

"मुलीची मॅच आहे. व्हिडिओ काढायचाय."

"तू माझा मुकादम आहेस की कॅमेरावाला?"

"आजची शेवटची आहे, साहेब."

ते म्हातारे आहेत. ओफेलियाच्या मातीला आले होते, कोट घालून. त्यांनी झाडांकडे बघितलं, मग आभाळाकडे. "जायचं तर जा," म्हणाले. "शिडी मात्र एकही बाहेर जाणार नाही. प्रत्येक शिडीवर माणूस आहे."

ते खरंच होतं. मी मान हलवली आणि निघालो. तेवढ्यात पलीकडच्या झाडातून लासारो खाली उतरला, शिडी मिटली आणि माझ्या पायाशी आणून टाकली.

"माझ्या शिडीवर माणूस नाही. मी आजपासून खालची फळं तोडणार," तो म्हणाला. "वरची हवा गुडघ्यांना सोसत नाही."

हार्लनसाहेबांना आमची भाषा कामापुरती येते. "लासारो," ते म्हणाले, "तुला कुणी विचारलं?"

"तेच ना साहेब. मला कधी कुणी विचारतच नाही."

खालची फळं तोडायला कुणी तयार नसतं. दिवसभर वाकून राहायचं, फांद्या तोंडावर, आणि झोळी भरता भरत नाही. लासारो पहिल्या झाडाखाली गुडघ्यांवर बसलाही होता. हार्लनसाहेबांनी खिशातून हातमोजे काढले आणि माझ्या जागी खोकी तपासायला गेले.

मैदानावर वारा सुटला होता. हातमोज्यांनी फोन चालत नाही, म्हणून मी उघड्या हातांनी धरला. बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली. पहिल्या अर्ध्यात काही घडलं नाही. नेरेने काही घडू दिलं नाही. नऊ नंबरवाली कुठूनही आली तरी नेरे तिच्या आधी तिथे असायची, आणि ती मुलगी वैतागून मागे फिरायची. माझ्या मनात आलं, अशीच संपली तर काय पाठवायचं? बाप होऊन मी त्या शिडीवर, माझी मुलगी कधी चुकते याची वाट बघत होतो.

दुसऱ्या अर्ध्यात ती चुकली. नऊ नंबरवाली बॉल घेऊन सरळ अंगावर आली, नेरेने पाय टाकला, आणि त्या मुलीने बॉल तिच्या दोन पायांच्या मधून काढून नेला. खुर्च्यांमधून हसण्याचा आवाज आला. नेरे वळेपर्यंत गोल झाला होता.

माझे हात खाली जायला लागले. मी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. चित्र हललं, ते मला ठाऊक आहे, पण खाली गेलं नाही. मी बघितलं.

नेरे गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. एक श्वास घेतला. मग उभी राहिली आणि सगळ्यांना दिसेल असा एक हात वर केला. आमची गोलकीपर, सोळा वर्षांची पोर, चिखलात बसून रडत होती. नेरे तिच्यापाशी गेली, काहीतरी म्हणाली, हात देऊन तिला उठवलं. जाळीत अडकलेला बॉल ओढून काढला, काखेत धरला आणि मैदानाच्या मध्याकडे चालत निघाली. नऊ नंबरवाली तिच्या बाजूने जाताना काही बोलली. नेरेने मान वळवली नाही. वाटेत तिने आपल्या टीममधल्या एका मुलीला खांद्याला धरून दोन पावलं डावीकडे सरकवलं. मग बॉल ठेवला.

"मिस्टर," टोपीवाला खालून म्हणाला, "तेवढा भाग पुसून टाका."

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर हात हलला असता.

नऊ नंबरवाली पुन्हा तशीच आली. ह्या वेळी नेरेने पाय टाकला नाही. ती मागे सरकत गेली, सरकत गेली, तिला कडेकडे नेत राहिली, आणि शेवटी त्या मुलीपुढे मैदानच उरलं नाही. बॉल रेषेबाहेर गेला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मॅच आम्ही एका गोलने हरलो.

बागेत परतलो तेव्हा अंधारायला आलं होतं. लासारोला सरळ उभं राहता येत नव्हतं. तो तसाच वाकून पिकअपपर्यंत आला आणि म्हणाला, "दाजी, माझी उंची आता नेरेला देऊन टाका, मला उपयोग नाही." पूर्वेकडच्या काही ओळी तोडायच्या राहिल्या आणि रात्रीत गोठल्या. सकाळी फळ दाबलं की बोटाचा खड्डा तसाच राहत होता. हार्लनसाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, पुढच्या वर्षी पूर्वेकडची बाग मी दुसऱ्या मुकादमाकडे देतोय. मी बरं म्हणालो. त्यांचं चूक नव्हतं.

नेरेने मॅच पाठवण्याआधी आम्ही ती पुन्हा बघितली नाही. तिने फक्त विचारलं, "अख्खी आहे?"

"अख्खी आहे."

रविवारी दुपारी फोन आला. मी तव्यापाशी होतो, लासारो पाठीखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन जमिनीवर पडला होता. नेरेने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"गोल तुझ्यामुळे झाला," कोच ब्रँड्ट म्हणाल्या. एवढं इंग्रजी मलाही कळलं.

"हो," नेरे म्हणाली.

पुढे त्यांनी विचारलं, गोलकीपरला काय म्हणालीस? नेरे म्हणाली, मी म्हटलं माझी चूक होती, ऊठ, खाली गार आहे. मग त्यांनी विचारलं, त्या दुसऱ्या मुलीला डावीकडे का सरकवलंस? ह्यावर नेरे बराच वेळ बोलली. मिठाची बाटली एकीकडे, मिरचीची दुसरीकडे, मध्ये चमचा, असं सरकवून सरकवून ती बोलत होती, जणू त्या बाई समोरच बसल्या आहेत. मला शब्द कळत नव्हते. पण वरून बघितलं होतं, त्यामुळे चमचा कुठे जाणार ते कळत होतं.

पलीकडून कोच ब्रँड्ट काही म्हणाल्या आणि नेरेने तोंडावर हात घेतला.

"काय?" लासारो जमिनीवरून म्हणाला. "नाही म्हणाली का वेडी?"

"जागा आहे म्हणतात," नेरे म्हणाली. "पहिलं वर्ष बहुतेक बाकावर बसावं लागेल. पण जागा आहे. फीसकट."

लासारोने उठायचा प्रयत्न केला, शिवी दिली आणि पुन्हा आडवा झाला. मी तवा खाली उतरवला. फोन चालूच होता. कोच ब्रँड्ट पुन्हा बोलायला लागल्या, आता हळू. नेरे ऐकत राहिली. मग टेबलाकडे बघत मला म्हणाली, "तुम्हाला विचारतायत. म्हणतात, खूप लांब आहे, गाडीने अख्खा दिवस लागतो. घरात तुम्ही आणि मी दोघंच असतो असं कोच वोल्डनी त्यांना सांगितलंय. वडिलांचं काय म्हणणं आहे, ते मला त्यांच्याच तोंडून हवंय म्हणतात."

सप्टेंबरपासून मी व्हिडिओचाच विचार करत होतो. शिडी, हात, बॉल. व्हिडिओ चांगला झाला तर घरात कोण राहील, हे माझ्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण मी ते बाजूला टाकत होतो.

"कधी जायचं असतं?" मी विचारलं.

तिने विचारलं. "ऑगस्टच्या मध्याला. सराव लवकर सुरू होतो."

ऑगस्टच्या मध्याला आमच्याकडे गाला जातीचं सफरचंद तोडायला येतं. सुगीची सुरुवात तिथून. बावीस वर्षांत मी त्या दिवसांत एकदाही खोऱ्याबाहेर गेलेलो नाही, आणि हार्लनसाहेबांनी एक बाग आधीच काढून घेतली होती.

"सांग त्यांना," मी म्हणालो, "की ऑगस्टात आमच्याकडे तोडणी चालू असते, आणि तोडणी चालू असताना मुकादमाला हलता येत नाही. पण तुला सोडायला मीच येणार."

नेरे फोनकडे वळली. तिने तोंड उघडलं, थांबली, पाणी प्याली आणि पुन्हा सुरुवात केली. मी म्हणालो होतो ते दोनच वाक्यांचं होतं. इंग्रजीत सांगायला तिला त्यापेक्षा पुष्कळ वेळ लागला.